सासूबाईंचा विसराळूपणा वाढलाय, ब्राह्मी, अक्रोड, खोबरेल यातलं खरंच काही लागू पडतं का?

मृणाल_मिरज

नमस्कार मंडळी, इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या सासूबाई, वय ७२, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. निमकी-पाऊणकी पाढे, कविता सगळं तोंडपाठ. गेल्या वर्षभरापासून एकच प्रश्न परत परत विचारतात, दूधवाल्याचे पैसे दिले का, दिले म्हटलं की हो का बरं झालं म्हणतात आणि भांडी लावून होईपर्यंत परत तेच. गॅसवर भांडं ठेवून देवळात निघून गेल्या एकदा. मध्यंतरी मंडईतून येताना आपलीच गल्ली सापडेना, ओळखीच्या रिक्षावाल्याने घरी आणून सोडलं. जुनं मात्र विचारा काहीही, ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर सुकडी कशी वाटायचे ते आत्ता घडल्यासारखं सांगतात.

आमचे हे म्हणतात वय झालं की होतंच. नणंदबाई म्हणतात ब्राह्मीचा रस द्या. दीर कुठूनतरी आयुर्वेदिक गोळ्यांचा डबा घेऊन आलेत. व्हॉट्सॅपवर रोज एक, खोबरेल तेल चमचाभर, भिजवलेले अक्रोड, हळदीचं दूध, गोमूत्र अर्क, शंखपुष्पी सिरप. फॅमिली डॉक्टर म्हणाले बघू पुढच्या महिन्यात, घाई नाही. आईंना शुगर आहे, बीपी आहे, आणि त्यांना गोळ्या वाढवायला अजिबात आवडत नाही, म्हणून घरगुती काही असेल तर आधी ते करून बघावं असं माझ्या मनात आहे. कुणाचा स्वतःच्या घरातला अनुभव असेल तर सांगा. ऐकीव नको प्लीज, ऐकीव इथे घरात भरपूर आहे.

निवृत्त_पोस्टमास्तर

ताई घाबरू नका. आमच्या मातोश्री ८९ वर्षं जगल्या, शेवटपर्यंत कुणाच्या लग्नात काय आहेर आला होता ते सांगायच्या. काय करायच्या तर सकाळी नाकात गाईच्या तुपाचे दोन थेंब, बत्ताशावर मालकांगोणीचं तेल, रात्री हळद घालून दूध आणि जेवणात घरचं कढवलेलं तूप, बास. आम्हालासुद्धा परीक्षेच्या आधी ते मालकांगोणी बळंच पाजायच्या, वास अजून नाकात आहे. हा अल्झायमर वगैरे मुळात गोऱ्या लोकांचा आजार, आपल्याकडे हळद खातात म्हणून कमी आहे, हे आता त्यांनीच मान्य केलंय. इंग्रजी गोळ्या सुरू करू नका एवढंच सांगतो, माणूस सुन्न होऊन बसतो नुसता.

पुरावा_द्या_राव

काका, आजींना नमस्कार, पण ज्यांना आजार झालाच नाही त्यांनी काय खाल्लं यावरून आजाराचं औषध कसं ठरवायचं? तशी माझी आजी ९१ पर्यंत मशेरी लावायची आणि खणखणीत होती, म्हणून काय मशेरी सुरू करायची का.

हळदीचं सांगतो कारण हे व्हॉट्सॅपवर सगळ्यात जास्त फिरतं. हरियाणात बल्लभगडला नव्वदच्या दशकात भारत-अमेरिका मिळून एक मोठा अभ्यास झाला, त्यात खेड्यातल्या म्हाताऱ्या लोकांमध्ये अल्झायमरचं प्रमाण खूपच कमी आलं. इथवर खरं आहे. पण त्यात हळद कुणी तपासली नव्हती. हळदीचा संबंध लोकांनी नंतर चिकटवला. नंतर अमेरिकेत अल्झायमरच्या पेशंटना हळदीतलं कर्क्युमिन रोज २ ग्रॅम आणि ४ ग्रॅम असं २४ आठवडे देऊन पाहिलं, ३६ लोक होते, फायदा काही दिसला नाही, कारण ते आतड्यातून रक्तात फारसं जातच नाही. आणि आपल्याकडे कमी वगैरे काही नाही हो, २०२३ ला जो देशभराचा अंदाज छापून आला त्यात ६० च्या पुढच्या लोकांमध्ये ७.४ टक्के म्हणजे ८८ लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश, अल्झायमर हा त्यातलाच मुख्य प्रकार) आहे. आपण त्याला म्हातारचळ म्हणून सोडून देतो एवढंच.

अक्रोड खा, चांगलेच असतात, पण स्पेन आणि कॅलिफोर्नियात मिळून ७०० च्या आसपास ज्येष्ठांवर दोन वर्षं प्रयोग झाला, रोज मूठभर अक्रोड, आणि एकूण स्मरणशक्तीत फरक पडला नाही. ती सगळी निरोगी माणसं होती तरी. खोबरेल तेलाचं तर एका अमेरिकन डॉक्टरबाईंच्या नवऱ्याच्या गोष्टीवर सगळं उभं आहे. कोकणात आणि केरळात पिढ्यान्‌पिढ्या खोबरं खातात, तिथे कुणी विसरत नाही का?

गोमूत्र अर्काबद्दल मी बोलत नाही, परत आयडी ब्लॉक होईल.

ओपीडीनंतरचा_चहा

मी फिजिशियन आहे, नेटवर बघून निदान करत नाही, पण मृणालताई तुमच्या पोस्टमध्ये दोन-तीन गोष्टी अशा आहेत की गप्प बसवत नाही.

पहिलं म्हणजे "वय झालं की होतंच" हे डोक्यातून काढा. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं, एखाद्याचं नाव ऐनवेळी न आठवणं हे वयाचं. रोजची गल्ली न सापडणं, पाच मिनिटांपूर्वी ऐकलेलं पूर्ण पुसलं जाणं हे वयाचं नाही. पुढच्या महिन्याची वाट बघू नका.

दुसरं, ब्राह्मी द्यायची की बदाम हा प्रश्न नंतरचा. आधी कशामुळे होतंय ते बघायला लागतं, कारण विसरण्याची काही कारणं अशी असतात की ती सापडली तर माणूस बऱ्यापैकी परत येतो. थायरॉईड कमी असणं. बी१२ कमी असणं. सोडियम उतरणं, हे बीपीच्या लघवी होणाऱ्या गोळीने म्हाताऱ्या माणसांत सर्रास होतं. लघवीचं इन्फेक्शन, यात ताप नसतानाही माणूस दोन-तीन दिवसांत एकदम बरळायला लागतो. पडल्यावर डोक्यात हळूहळू साकळलेलं रक्त, पडणं इतकं किरकोळ असतं की घरच्यांना आठवतही नाही. डिप्रेशन, विशेषतः नवरा गेल्यावर किंवा नोकरी संपल्यावर. आणि एक प्रकार ज्यात मेंदूतलं पाणी साचतं, चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात, लघवीवर ताबा जातो आणि विसरायला होतं, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर न्यूरोला दाखवायलाच हवं.

बी१२ बद्दल थोडं जास्त लिहितो कारण हे आपल्या घराघरातलं आहे. पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास २००६ ला आला होता, त्यात ६७ टक्के लोकांत बी१२ कमी निघालं. शाकाहारी घर, त्यात शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, त्यात रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी, हे तिन्ही जिथे जमतात तिथे बी१२ खाली जाणारच, कारण मेटफॉर्मिन आणि पॅन्टोप्राझोल दोन्ही ते शोषून घेण्यात अडथळा आणतात. पालेभाजी खाऊन बी१२ मिळत नाही. दूध-दह्यातून थोडं मिळतं, पण एवढं खाली गेलं की त्याने भागत नाही.

तिसरं, आईंच्या सगळ्या गोळ्यांचा डबाच घेऊन डॉक्टरकडे जा. सगळ्या म्हणजे सगळ्या, झोपेची, सर्दीची, खाज सुटली तर घेतात ती, लघवी थांबवायची, दिरांनी आणलेली पण. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या, एव्हिल, ॲमिट्रिप्टिलीन, लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनीन यांनी म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणशक्तीची वाट लागते, आणि यातल्या निम्म्या गोळ्या कुणी कधी लिहून दिल्या तेच घरात माहीत नसतं.

काका, इंग्रजी गोळ्यांनी सुन्न होतो हे तुम्ही कुठेतरी बघितलं असणार, मी नाकारत नाही. पण बहुतेक वेळा ती चिडचिड शांत करायला दिलेली गुंगीची गोळी असते, स्मरणशक्तीची नव्हे. आणि गंमत बघा, गॅलँटामीन नावाचं अल्झायमरचं जे औषध आहे ते स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडाच्या कंदातून आलेलं आहे, आणि रिव्हास्टिग्मीनचं मूळ आफ्रिकेतल्या एका विषारी बीमध्ये आहे. वनस्पतीशी आमचं वैर नाही. डोस माहीत असला पाहिजे आणि बाटलीत नक्की काय आहे ते माहीत असलं पाहिजे, एवढंच.

बंड्या_न्यूजर्सी

चांगला धागा. माझे बाबा ठाण्याला असतात, ७८, जरा विसरतात. मी दर खेपेला इथून जिंको बिलोबाच्या (एका झाडाच्या पानांच्या अर्काच्या गोळ्या) बाटल्या नेतो, इथे कॉस्टकोमध्ये ढिगाने मिळतात, बाबांचे सोसायटीतले मित्र पण मागतात आता. त्याचा काय रिझल्ट आहे? बाबा म्हणतात फ्रेश वाटतं.

पुरावा_द्या_राव

बंड्या, या एका गोळीवर तरी भरपूर मोठा अभ्यास झालाय. तुझ्याच देशात, ७५ च्या पुढचे ३०६९ लोक, निम्म्यांना जिंको १२० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, सरासरी सहा वर्षं. २००८ ला निकाल आला, डिमेन्शिया दोन्हीकडे जवळपास सारखाच झाला. फ्रेश वाटतं ते मुलाने अमेरिकेहून आणलंय म्हणून वाटत असेल, त्याला माझी ना नाही.

पण बाबांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का ते आधी विचार. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, काहीही. जिंकोबरोबर रक्तस्रावाची भीती वाढते. आणि सोसायटीतल्या मित्रांना वाटतोयस तर त्यांना पण विचार, त्या वयात निम्म्या बिल्डिंगला स्टेंट असतो.

बंड्या_न्यूजर्सी

अरे बापरे. क्लोपिडोग्रेल आहे. आजच फोन करतो.

मृणाल_मिरज

बापरे एवढी उत्तरं, सगळ्यांचे आभार. चहावाले डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला, मेटफॉर्मिन बरीच वर्षं आहे, गॅसची गोळी रोज सकाळी आहे, आणि घर पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. झोपेची पण आहे, पाव गोळी म्हणतात पण मी बघितलं तर अर्धी घेतात. उद्याच नंबर लावते.

तोपर्यंत एक विचारायचं होतं. दिरांनी आणलेल्या डब्यावर स्मृतिसागर रस असं लिहिलंय. दुकानदाराने नुसतं विचारून दिलं म्हणे, चिठ्ठी वगैरे काही नाही. हे द्यायला हरकत नाही ना, आयुर्वेदिकच आहे. आणि नणंदबाईंनी कुंडीतली ब्राह्मी पाठवलीय, गोल पानांची, तिची चटणी करून देऊ का?

खलबत्ता

मी बीएएमएस, कोल्हापूर भागात प्रॅक्टिस करते. मृणाल, तो डबा आत्ता बंद करून वर ठेव. देऊ नकोस.

स्मृतिसागर रसात पारा, गंधक, हरताळ, मनशीळ आणि ताम्रभस्म असतं, त्याला वेखंड-ब्राह्मीच्या भावना दिलेल्या असतात, म्हणजे त्यांच्या रसात खललेलं असतं. हरताळ आणि मनशीळ म्हणजे आर्सेनिकची खनिजं. आमच्या शास्त्रात शोधन-मारण (शुद्ध करून भस्म करणं) करून, ठरलेल्या मात्रेत, ठरलेले दिवस, वैद्याच्या नजरेखाली द्यायचं औषध आहे ते, बडीशेपेसारखं दुकानातून आणून सुरू करायचं नाही. त्यात शुगरवाल्या, बीपीवाल्या बाई, किडनीची तपासणी केलेली नाही. अमेरिकेत नेटवरून विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधांची तपासणी करून २००८ मध्ये अहवाल आला, त्यात पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, आणि रसौषधींमध्ये, म्हणजे धातू-खनिजांच्या औषधांत, प्रमाण दुप्पट. तेव्हा आमच्यातले बरेच जण चिडले होते, मी पण कॉलेजात वाद घालायचे. पण शिशाने स्वतःच मेंदू खराब होतो, आणि विसरण्याच्या औषधात ते असावं हे कुणालाच परवडणारं नाही.

आता कुंडीतल्या ब्राह्मीचं. गोल, मूत्रपिंडाच्या आकाराची पानं, जमिनीवर पसरणारी, ती मंडूकपर्णी, आपल्याकडे कोकणात तिला कारिवणा म्हणतात आणि महाराष्ट्रात सरसकट ब्राह्मी म्हणून विकतात. परदेशात ज्या ब्राह्मीवर अभ्यास झालेत ती वेगळी, बारीक जाडसर लांबट पानांची, ओल्या जागेत वाढणारी, नीरब्राह्मी. तुमच्या नणंदबाई एक देतात आणि नेटवर वाचलेला फायदा दुसरीचा असतो. चरकाने चिकित्सास्थानात जी चार मेध्य (बुद्धीला पोषक) रसायनं सांगितली ती मंडूकपर्णीचा स्वरस, दुधातून ज्येष्ठमधाचं चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. म्हणजे मंडूकपर्णी काही हलकी नाही, उलट तीच आमच्या मूळ यादीत आहे. चटणी, कोशिंबीर, ताकातली म्हणून थोडी पानं खाल्ली तर मला काही हरकत दिसत नाही, भाजी म्हणून लोक खातातच. पण ज्येष्ठमध मात्र आईंना रोज देऊ नकोस, बीपी वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं.

नीरब्राह्मीचा अर्क, साधारण ३०० मिलिग्रॅम रोज, तीन महिने, यावर बरे अभ्यास आहेत आणि लक्षात ठेवायच्या चाचण्यांत थोडा फायदा दिसतो, पण ते बहुतेक निरोगी लोकांवर. डिमेन्शिया झालेल्या माणसावर भक्कम काही म्हणता येईल एवढं हातात नाही, आणि हे मी वैद्य असून सांगतेय. सुरुवातीला पोटात मुरडा, जुलाब, मळमळ होते. पुढे न्यूरोने डोनेपेझिल हे अल्झायमरचं औषध सुरू केलं तर त्याच्याबरोबर ब्राह्मीचा अर्क डॉक्टरला न सांगता घेऊ नये, दोघांचं काम एकाच वाटेने चालतं, नाडी मंदावू शकते.

सारस्वतारिष्ट पण कुणीतरी सुचवेलच. अरिष्टात आंबवण्याने तयार झालेलं थोडं अल्कोहोल असतं, शिवाय साखर-मध, शुगरवाल्या माणसाला रोज दोन वेळा चार चमचे कशाला. शंखपुष्पीच्या सिरपचं तेच, वर फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर अजिबात नाही. फेनिटॉइन, ज्याला बरेच जण एप्टॉइन म्हणतात, त्याचं रक्तातलं प्रमाण शंखपुष्पीच्या औषधाने उतरतं हे मुंबईतल्याच डॉक्टरांनी १९९२ मध्ये दाखवलंय, ज्यांच्या फिट्स बंद होत्या त्यांना परत येऊ लागल्या.

निवृत्त_पोस्टमास्तर

म्हणजे वैद्य असून तुम्ही पण त्यांच्याच बाजूने. मग आमच्या हजारो वर्षांच्या शास्त्रात काय काहीच नाही का या आजाराला? वेखंड तरी चालेल का, ते तर बाळाला जिभेवर लावतो आपण.

खलबत्ता

काका मी कुणाच्याच बाजूने नाही हो, मी मृणालच्या सासूबाईंच्या बाजूने आहे.

आहे ना शास्त्रात. दिनचर्या, वेळेवर झोप, अभ्यंग, पचेल ते आणि ताजं जेवण, मन प्रसन्न ठेवणं, हे रसायनाच्या आधी सांगितलंय, आणि गोळी विकत घेण्याच्या नादात तेच कुणी करत नाही. संध्याकाळी या माणसांची बेचैनी वाढते तेव्हा तळपायाला कोमट तेल चोळून द्या, डोक्याला खोबरेल लावा, माझ्या पेशंटमध्ये झोप सुधारलेली मी बघते. स्मृती परत येते असा दावा मी करणार नाही. तुपाचे थेंब नाकात घालायचे तर माणूस नीट बसलेला, शुद्धीत, गिळता येणारा हवा, आजार पुढे गेलेल्यांना ठसका लागून ते छातीत जाऊ शकतं.

वेखंड नको. त्यातल्या बीटा-असारोन नावाच्या घटकामुळे अमेरिकेत १९६८ पासून खाण्याच्या पदार्थात त्याला बंदी आहे, आणि बाळाला पण आता देऊ नका, उलट्या-फिट्स झालेली बाळं येतात. मालकांगोणीचं तेल थेंबाथेंबाने वापरायचं तीक्ष्ण औषध आहे, मनाने नको.

पुरावा_द्या_राव

खलबत्ताताई साष्टांग. असे वैद्य जास्त लिहीत नाहीत म्हणून तर पेपरात "सात दिवसांत स्मरणशक्ती परत" असली जाहिरात येते. १९५४ च्या कायद्याने मेंदूच्या आजारांवर इलाजाची असली जाहिरात करणंच गुन्हा आहे, तरी पान तीनवर असतेच.

वरचा_मजला_डोंबिवली

मृणालताई, आमच्याकडे बाबा होते, बरीच वर्षं काढली आम्ही, म्हणून जे घरात उपयोगी पडलं ते लिहिते, औषधाचं वरच्या लोकांना माहीत.

वाद घालू नका. तो प्रश्न विसाव्यांदा विचारला तरी "आत्ताच सांगितलं ना" म्हणू नका, त्यांच्यासाठी तो पहिल्यांदाच असतो आणि तुमचा चढलेला आवाज मात्र लक्षात राहतो, कारण शब्द जातात पण भीती राहते, हे मी इतक्या वेळा बघितलंय. आम्ही फळ्यावर लिहून ठेवायचो, आज वार अमुक, दूधवाला दिला, जेवण झालं. तुमच्या आई शिक्षिका, त्यांना फळा आवडेल, त्यांच्याच हाताने लिहून घ्या.

गॅसला सिलेंडरपाशीच बंद करायची सवय लावा, किंवा इंडक्शन घ्या. बाथरूमची आतली कडी काढून टाका. गळ्यात किंवा हातात नाव-फोन लिहिलेलं काहीतरी, आईला वाईट वाटेल म्हणून थांबू नका, मंगळसूत्रात छोटं पदक ओवून देतात सोनार. रिक्षावाला ओळखीचा होता म्हणून, दरवेळी नसेल. शेजारी, वाणी, देवळातले गुरव, सगळ्यांना सांगून ठेवा. लाज कसली त्यात.

आणि कामं काढून घेऊ नका. सगळे म्हणतात आई तुम्ही बसा आता, आणि बसवून बसवूनच अर्धं माणूस जातं. मटार सोलणं, गहू निवडणं, वाती वळणं, घड्या घालणं. वाती जास्त झाल्या तर झाल्या, देवळात द्या. बाबा नाव विसरायचे माझं पण हरिपाठ सुरू केला की शेवटपर्यंत न चुकता म्हणायचे, त्या अर्ध्या तासात ते शांत आणि आम्हीपण शांत. तुमच्या आईंना पाढे येतात ना, नातवंडांना त्यांच्याकडून शिकवा.

स्वतःसाठी माणूस ठेवा, आठवड्यात एक दुपार तरी. मी ठेवला नाही बराच काळ आणि माझंच बीपी वर गेलं. नणंदबाईंना ब्राह्मी पाठवण्यापेक्षा महिन्यातून चार दिवस आईंना घेऊन जा म्हणावं (हे तिखट झालं असेल तर माफ करा).

अल्झायमर आणि तशा आजारांसाठी काम करणारी एआरडीएसआय म्हणून संस्था आहे, १९९२ मध्ये केरळात सुरू झालेली, मुंबईतही शाखा आहे, काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या बैठका असतात. ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाईन १४५६७, ती पण माहीत असू द्या.

मृणाल_मिरज

अपडेट देते. रिपोर्ट आले. बी१२ १२६, लॅबच्या कागदावर २०० च्या वर पाहिजे असं आहे. थायरॉईड, सोडियम ठीक. एमआरआयमध्ये मेंदूचा आठवणींचा जो भाग असतो तो आक्रसलाय आणि बारीक रक्तवाहिन्यांचे जुने डाग आहेत म्हणे. न्यूरोचे डॉक्टर म्हणाले दोन्ही आहे, बी१२ भरून काढू पण सगळं त्यानेच झालंय असं समजू नका. इंजेक्शनं सुरू झालीत. सर्दीची गोळी बंद, झोपेची हळूहळू कमी करायला सांगितलीय. ईसीजी काढून डोनेपेझिल ५ सुरू केलं. तो डबा दिरांना परत दिला, ते जरा रुसलेत.

आता दिवसा पेंगत नाहीत, बोलताना समोर बघून बोलतात. दूधवाला मात्र आहेच. फळा आणला, त्यांनी वर तारीख घातली आणि माझंच शुद्धलेखन तपासलं.

एक राहिलं, कानाला कमी ऐकू येतं बऱ्याच वर्षांपासून, मशीन नको म्हणतात, आवाज कर्कश येतो म्हणे. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

ओपीडीनंतरचा_चहा

आहे, आणि तुम्ही विचारलंत म्हणून बरं झालं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाच्या ज्या १४ कारणांवर काहीतरी करता येतं असं म्हटलंय त्यात कमी ऐकू येणं आहे. बाकी यादी म्हणजे बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, दारू, वजन, बसून राहणं, एकटेपणा, डिप्रेशन, डोक्याला मार, हवेचं प्रदूषण, कमी दिसणं आणि लहानपणी कमी शिक्षण. ही सगळी सांभाळली तर जगातल्या ४५ टक्के केसेस टाळता किंवा पुढे ढकलता येतील असा त्यांचा अंदाज आहे. झालेला आजार मागे फिरतो असा त्याचा अर्थ नाही, हा आकडा मुख्यतः तुमच्या आणि तुमच्या मिस्टरांच्या वयासाठी आहे.

कानाच्या मशीनवर अमेरिकेत मोठी ट्रायल झाली, २०२३ ला निकाल आला. सगळ्यांत मिळून फरक दिसला नाही, पण ज्यांना आधीच धोका जास्त होता त्यांच्यात तीन वर्षांत बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. आईंसाठी मी साधं कारण सांगेन, जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार? मशीन कर्कश वाटतं कारण ते दुकानातून आणून थेट कानात घातलेलं असतं. ऑडिओलॉजिस्टकडून ऐकण्याची तपासणी करून आवाज बसवून घ्या, आधी कानात मळ आहे का बघा (हसू नका, अर्ध्या वेळा तेच असतं), आणि सुरुवातीला घरातल्या शांत खोलीत तासभर, मग वाढवत न्या. मोतीबिंदू असेल तर तोही उरकून घ्या.

मृणालताई, डोनेपेझिलने जुलाब, भूक मरणं, रात्री भयानक स्वप्नं असं झालं तर गोळी सकाळी देऊन बघा आणि डॉक्टरांना कळवा. चक्कर येऊन पडल्या तर मात्र त्याच दिवशी.

वकिलीण_साताऱ्याची

औषधाचं नाही पण कुणीच लिहिलं नाही म्हणून. आईंना अजून व्यवहार कळतो तोवर मृत्युपत्र, बँकेतलं नॉमिनेशन, पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर, हे करून घ्या, मृत्युपत्राला डॉक्टरचा दाखला जोडा. आपल्याकडे मुखत्यारपत्र दिलेल्या माणसाचं मन ठिकाणावर राहिलं नाही की ते मुखत्यारपत्र कायद्याने संपतं, हे लोकांना बँकेत गेल्यावर कळतं आणि मग हायकोर्टापर्यंत जावं लागतं.

निवृत्त_पोस्टमास्तर

डॉक्टरसाहेब, सगळं वाचलं दोनदा. एक खाजगी विचारतो इथेच विचारतो. ती अल्प्राझोलाम म्हणालात, ती मी स्वतः घेतो रात्री, आमची ही गेल्यापासून. पॉइंट पाच. हल्ली पेपर वाचतो आणि दुपारी आठवत नाही काय वाचलं. आजपासून बंद करून टाकतो.

ओपीडीनंतरचा_चहा

काका, आजपासून बंद करू नका! इतके दिवस चालू असलेली ही गोळी एकदम थांबवली तर झोप उडते, हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते. थोडी थोडी करून काही आठवडे किंवा महिने लावून कमी करायची असते, आणि ती कशी ते ज्यांनी लिहून दिली त्यांनी किंवा तुमच्या जवळच्या फिजिशियनने ठरवायचं. जाताना सगळ्या गोळ्यांचा डबा न्या, मालकांगोणीची बाटलीसुद्धा. बी१२ आणि थायरॉईड तुमचं पण करून घ्या. आणि बाई गेल्यानंतर मन कसं आहे तेही त्यांना सांगा, नुसती झोप सांगू नका. शक्य असेल तर मुलाला किंवा कुणाला बरोबर घ्या.

निवृत्त_पोस्टमास्तर

मुलगा बेंगलोरला असतो. शेजारचा येईल. गुरुवारी जातो.